खंडेनवमीचा नारळ आणि माझं मशीन

अण्णांची बातमी आली तेव्हा मी तुर्भ्याच्या छापखान्यात एका लग्नपत्रिकेचं शेवटचं प्रूफ बघत होते. फोन दोनदा वाजला, दोनदा मी कट केला, कारण नवरीच्या थोरल्या मामांचं नाव यादीतून गळलं होतं आणि असल्या गोष्टींवरून मांडवात काय रामायण घडतं ते मी पुष्कळ पाहिलंय. तिसऱ्यांदा उचलला. माझा नवरा प्रकाश म्हणाला, "शैला, घरी ये. अण्णा उठत नाहीयेत." अण्णा म्हणजे माझे सासरे. जेवले, स्वतःचं ताट स्वतः घासलं, दुपारी जरा आडवे झाले, ते झालेच. रिक्षात बसल्यावर मी रडले, हे खरं. पण रडायच्या आधी, कोपरखैरणे यायच्या आत, माझ्या मनात जो पहिला विचार आला तो इथे लिहिला नाही तर बाकीचं लिहिण्यात काही राम नाही. तो विचार असा होता, की आता माझं मशीन बंद पडलं तर कोण बघणार? लगेच लाज वाटली. वाटायलाच हवी होती... पण विचार आला तो आला.

मशीन म्हणजे माझा जुना डेस्कटॉप. मी घरीच डीटीपीचं काम करते. पत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, स्मरणिका, कधी एखादं पुस्तक. माझं मराठी अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर इतकं जुनं आहे की ते बनवणारे केव्हाच गाशा गुंडाळून गेले. ते चालतं फक्त जुन्या विंडोजवर, आणि तेही मशीनच्या पाठीमागे, प्रिंटरच्या त्या रुंद पोर्टला, काडेपेटीएवढं एक लॉक लावलेलं असेल तरच. नव्या कॉम्प्युटरला ते पोर्टच नसतं. "नवीन घेऊन टाका ना" असं मला आजवर शंभर जणांनी सांगितलंय. वीस वर्षांची जुळवलेली पानं नव्या फॉन्टमध्ये तुम्ही आणून देणार का, असं विचारलं की शंभरही जण विषय बदलतात. थोडक्यात, ते मशीन चालू तर माझं काम चालू. आणि गेली कितीतरी वर्षं ते चालू राहिलं ते अण्णांच्या जिवावर.

तेराव्याला घर भरलं होतं. आलेल्यांपैकी निदान चौघांनी मला सांगितलं, "साधा माणूस होता हो." मी मान हलवली, कारण तेराव्याला भांडायचं नसतं. पण आता दीड महिना झाला, आता सांगते. अण्णा साधेबिधे अजिबात नव्हते. साताऱ्याकडचा माणूस, तुर्भ्याच्या एका कारखान्यात उभा जन्म मेंटेनन्स खात्यात काढलेला. मशीन बंद पडलं की साहेबसुद्धा ज्याच्या तोंडाकडे बघतात, त्याचा जो तोरा असतो, तो निवृत्तीनंतरही उतरला नव्हता. गॅसवाला, केबलवाला, सोसायटीचा पंप बघायला येणारा, सगळे त्यांना टरकून असायचे. मीही काही गरीब गाय नव्हे. सासूबाई लवकर गेल्या, त्यामुळे आमच्या दोघांच्या मध्ये पडायला कोणी नव्हतं. लग्नानंतरची पहिली दोन-तीन वर्षं आमचं बोलणं म्हणजे भांडण किंवा 'चहा झाला' एवढंच.

माझ्या कॉम्प्युटरवर तर त्यांचा रागच होता. बाहेरची अर्धी खोली त्यानं व्यापली म्हणून असेल. म्हणायचे, "त्यात हलतं काय? जे हलत नाही ते मशीन कसलं? ती पेटी आहे." एके दिवशी त्या पेटीतून रिक्षाच्या सायलेन्सरसारखा आवाज यायला लागला. मी दुरुस्तीवाल्याला फोन लावत होते, तोवर अण्णांनी प्लग काढून बाजूचं झाकण उघडलंसुद्धा. आत वाकून पाहिलं आणि माझ्यावरच उखडले, "आत पंखा आहे! सांगितलं नाहीस इतकी वर्षं?" जणू मी घरातला एखादा नातेवाईक लपवून ठेवला होता. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब त्यांनी त्या पंख्याला दिला आणि आवाज बंद. त्या दिवसापासून ती पेटी मशीन झाली, आणि मशीन म्हटल्यावर ती अण्णांच्या खात्यात जमा झाली. मग मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबरानं पुसणं, घड्याळ मागे पडायला लागलं की बोर्डावरची बटणासारखी बॅटरी बदलणं, प्रोसेसरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावणं, हे सगळं ते शिकले. कुठे शिकले म्हणाल, तर वाशीच्या कॉम्प्युटर मार्केटात दुकानादुकानांपुढे उभं राहून. आणि कारखान्यातला नियम त्यांनी इथेही लावला, की एका वेळी एकच पार्ट बदलायचा. दोन बदलले आणि मशीन चालू झालं, तर नेमकं कोण आजारी होतं ते आयुष्यभर कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

आता त्या खंडेनवमीचं सांगते. सातेक वर्षं झाली असतील. त्या वर्षी मला पहिल्यांदाच दिवाळी अंकाचं काम मिळालं होतं. आख्खा अंक, एकशे साठ पानं. संपादक वाशीचे एक निवृत्त मास्तर, शिस्तीचे. त्यांनी सुरुवातीलाच बजावलं होतं की त्यांचा अंक कधी वसुबारस चुकलेला नाही. दोन महिने मी खपत होते. पानं जवळजवळ लागली होती, आठ दिवसांत छापखान्यात द्यायची होती. आणि खरं सांगायचं तर त्या अंकाच्या पहिल्या पानावर 'अक्षरजुळणी' या शब्दापुढे माझं नाव येणार होतं, याचं मला फार अप्रूप होतं. इतकी वर्षं लोकांची नावं जुळवली. माझं स्वतःचं कधी छापून आलं नव्हतं. पत्रिकेवर जुळवणाऱ्याचं नाव कोण घालतो?

खंडेनवमीला कारखान्यात कशी पूजा व्हायची ते अण्णा रंगवून सांगायचे. मशीन पुसायचं, हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ फोडायचा, आणि लगेच बटण दाबून मशीनचा पहिला फेरा मारायचा. तशीच पूजा ते घरी माझ्या मशीनची करायचे. त्या वर्षी त्यांनी सकाळी बाजूचं झाकण काढून आतली धूळ ब्रशनं साफ केली, आणि हळदकुंकू आतल्या पंख्यालाही लावायचं म्हणून झाकण तसंच उघडं ठेवलं. मशीन आडवं, उघडी बाजू वर. हार घातला. उदबत्ती ओवाळली. आणि शेजारी ठेवलेल्या पाट्यावर नारळ हाणला. पहिल्या दणक्यात दोन भकलं. पाणी वाटीत धरायचं होतं ते धरलं की नाही, किती धरलं, हे दोघांनीही पाहिलं नाही. अण्णा म्हणाले, "दाब बटण." मी दाबलं.

फट् असा आवाज झाला, जळकट वास आला, आणि घरातले दिवे गेले. अण्णांनी मेन स्विच वर केला तेव्हा खोलीत उजेड आला, मशीन मात्र गार. मी आत बोट लावून पाहिलं. चिकट होतं.

त्यांनी ओतलं आणि मी दाबलं. त्यामुळे चूक कोणाची यावर आम्ही भांडलोच नाही, आणि आमच्या घरात हे नवलच होतं. प्रकाशनं विचारलं, बॅकअप आहे ना? मी म्हटलं, आहे की, डी ड्राइव्हमध्ये. त्यानं कपाळावर हात मारला. अहो, सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन घरं असतात, हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण इतकी वर्षं रोज काम झालं की डी मध्ये एक कॉपी टाकायची आणि शांतपणे झोपायचं, ही सवयच झाली होती. देव्हाऱ्याला नमस्कार करावा तशी. डेटा परत काढून देणाऱ्यांना प्रकाशनं फोन लावले, ते म्हणाले किमान तीन आठवडे. अर्ध्या पानांची प्रूफं संपादकांकडे होती, पण त्यावरून पुन्हा सगळं जुळवायचं म्हणजे अंक तुळशीच्या लग्नाला निघाला असता. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. अण्णा दारात आले. माफीबिफी मागण्यातले ते नव्हतेच. एवढंच म्हणाले, "आठ दिवस आहेत ना? मला पाच दे."

पुढचे पाच दिवस मी जन्मात विसरणार नाही. सगळं मशीन सुटं करून त्यांनी जुन्या चादरीवर मांडलं. प्रत्येक तुकडा स्पिरिटनं धुतला, दातांच्या ब्रशनं, हळू हळू, जसं लहान मुलाला न्हाऊ घालावं. मग दोन दिवस वाळवलं, उन्हात नाही, पंख्याखाली. मग दोघं वाशीला जाऊन नवा एसएमपीएस आणला, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा तो डबा, कारण जुना आतून काळाठिक्कर पडला होता. आणि मग एकेक पार्ट. आधी नुसता बोर्ड आणि वीज, बोर्ड चालू. मेमरीची एक पट्टी लावली, चालू. दुसरी लावली, बंद. ती पट्टी गेली, बाजूला ठेवली, नवी आणली. स्क्रीन लावला, अक्षरं उमटली, मी टाळी वाजवली. शेवटी हार्ड डिस्क जोडली आणि सगळंच ठप्प. पंखासुद्धा फिरेना. काढली की सगळं चालू, जोडली की सगळं बंद. मला वाटलं संपलं. डिस्कच गेली, पानं गेली. अण्णा मात्र खूश! "अगं, बंद पडतंय हे चांगलंय," म्हणाले, "म्हणजे आत कुठंतरी शॉर्ट आहे. शॉर्ट म्हणजे पत्ता सापडला." मीटरच्या दोन सुया घेऊन ते डिस्कच्या पोटाखालच्या हिरव्या पट्टीवर तासभर टोचत बसले. एका तांदळाएवढ्या काळ्या तुकड्यापाशी मीटर वाजला. त्यांनी मला समजावलं, की हा पहारेकरी आहे. जास्तीची वीज आली की हा स्वतः मरतो आणि आतल्यांना वाचवतो. आता मेलाय, पण दार अडवून मेलाय. त्याला तेवढं उचललं की डिस्क चालणार.

त्यांनी सोल्डरिंगची गन तापवली, चष्म्यावर दुसरा चष्मा चढवला आणि वाकले. तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं... त्यांचा हात थरथरत होता. थोडासा नाही, चांगलाच. एकदा टेकवायला गेले, टोक भलतीकडे. दुसऱ्यांदा तेच. गन त्यांनी स्टँडवर ठेवली. कारखान्यात सगळं आयुष्य त्या हातांवर काढलेला माणूस. मग ते शांतपणे म्हणाले, "शैला, तू कर."

मी म्हटलं, वेड लागलंय का तुम्हाला? एकशे साठ पानं आहेत त्यात. ते म्हणाले, "म्हणूनच. तू पूर्वी पेस्टिंग करायचीस ना? ब्लेडच्या टोकावर वेलांटी उचलून चिकटवायचीस, तूच सांगितलं होतंस. हा तुकडा वेलांटीहून मोठा आहे."

खरंच होतं ते. कॉम्प्युटरच्या आधी, एकोणीस-वीस वर्षांची असताना, मी ब्रोमाइडच्या, म्हणजे अक्षरं उमटवलेल्या फोटोच्या कागदावरून चुकलेल्या अक्षराची नुसती वेलांटी कापून दुसरी चिकटवायचे. श्वास रोखून. त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं हे मला तेव्हा कळलं, मी तर स्वयंपाक करता करता कधीतरी बोलले असेन. मी गन घेतली. अण्णा बाजूला बसून बोलत होते, आता टेकव, आता थांब, आता दुसऱ्या बाजूला, दाबू नको, वितळू दे, घाई कसली. चिमट्यात तो तुकडा आला तेव्हा माझ्या पाठीवरून घामाचा ओघळ गेला. डिस्क जोडली. पंखा फिरला. डिस्क आतून गुरगुरली. पाचव्या दिवशी, भर दुपारी बारा वाजता, माझी पानं समोर आली, शेवटच्या ओळीपर्यंत जशीच्या तशी. मी अण्णांच्या पायाशीच बसकण मारली. ते म्हणाले, "आधी दुसऱ्या डिस्कवर कॉपी कर. मग रड."

अंक वसुबारसेच्या आदल्या दिवशी निघाला. माझं नाव छापून आलं. अण्णांनी तो अंक सोसायटीतल्या यच्चयावत लोकांना दाखवला आणि नारळाची गोष्टही स्वतःच सांगितली, काही न लपवता. लोकांनी त्यांनाच डोक्यावर घेतलं, या वयात काय हो हे. ते प्रत्येकाला एकच सांगायचे, "हात सुनेचे. माझं नुसतं तोंड." लोक हसायचे, मीही म्हणायचे, काहीतरीच काय, सगळं अण्णांनीच केलं. आणि मला तसंच वाटायचं, खोटा विनय नव्हता तो. डोकं त्यांचं होतं, शोधलं त्यांनी. मी आपलं सांगितलं तिथं टोक टेकवलं.

त्यानंतर जुनी मशीनं आमच्या घरी यायला लागली. कोणाचं टॅक्सच्या कामाचं, कोणाचं शाळेच्या ऑफिसचं, सगळी नवीन घेतलं तर जुना डेटा उघडणार नाही या धास्तीतली. अण्णा स्टुलावर बसायचे आणि मला जुंपायचे. हा स्क्रू काढ, ती केबल ओढ, नीट ओढ, मानेला धरून ओढ. बोर्डावरचे ते पिंपासारखे कंडेन्सर फुगलेत का बघ. कुठले बदलायचे, सांग. मी वैतागायचे. एकदा तर स्पष्ट विचारलं, मी तुमची सून की तुमचा हेल्पर? म्हणाले, हेल्पर इतकं बोलत नाही. वाशीला पार्ट आणायला जायचं तर मलाच पुढे करायचे. दुकानदार माझ्याकडे न बघता त्यांना विचारायचा, काका, कुठला सॉकेट, किती वॅट? अण्णा कानाला हात लावून म्हणायचे, मला ऐकू येत नाही, हिला विचार. पलीकडच्या गाळ्यात नाणं पडलं तर ऐकणारे त्यांचे कान! मला वाटायचं, थकलेत, आळस करतात, हात थरथरतो तो झाकतात. सहा-सात वर्षं मी असंच समजत होते. इतकी वर्षं शेजारी बसून माणूस काय करतोय हे मला कळलं नाही, आणि मी स्वतःला फार हुशार समजते.

गेल्या आठवड्यात दुपारी बेल वाजली. दारात घणसोली गावातले दिनूभाऊ, कापडी पिशवीत कॅबिनेट घेऊन. गावात त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे, वर्षापूर्वी अण्णांकडे एकदा मशीन घेऊन आले होते. मला वाटलं, यांना कळलेलं दिसत नाही. तोवर दहा-बारा जणांना सांगून झालं होतं. मी म्हटलं, "दिनूभाऊ, अण्णा गेले हो... दीड महिना झाला."

"माहीत हाय, वहिनी," ते म्हणाले. "तेराव्याला आलो व्हतो मी. अन्नांकडं नाय, तुमच्याकडंच आनलाय."

मी दार पूर्ण उघडलं. तेव्हा त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि सांगितलं, की मागच्या वेळी मी एकटी पार्ट आणायला वाशीला गेले होते तेव्हा अण्णांनी त्यांना चहा दिला होता आणि सांगितलं होतं, "माझे हात केव्हाच गेले. काम ती करते, आता तर मी चूक सांगितली तरी ऐकत नाही, बरोबर तेच करते. मी नसलो तर मशीन कुठं नेऊ नको, तिच्याकडंच आण." हे सांगताना फार खुशीत होते, असं दिनूभाऊ म्हणाले. आणि असं सांगितलेले ते एकटेच नसावेत, कारण गावातले आणखी दोघं मशीनं घेऊन यायचे आहेत, सुतक सरल्यावरही थोडे दिवस जाऊ द्यावेत म्हणून थांबलेत.

मला रिक्षातला तो विचार आठवला. कोण बघणार म्हणे!... अण्णा, तुम्ही म्हणजे खरोखर ग्रेट माणूस होतात, आणि हे मी तुमच्या तोंडावर एकदाही म्हटलं नाही.

मी टेबलावरची प्रूफं उचलून पलंगावर टाकली, कॅबिनेट आडवं ठेवलं आणि झाकणाचे स्क्रू सोडवायला घेतले. दिनूभाऊ बिचकत म्हणाले, "वहिनी, व्हईल ना? दुकान बंद परलाय माजा."

"होईल ना म्हणजे? ठेवायचं आणि निघायचं. उद्या दुपारी या," मी म्हटलं, चांगलंच खेकसून.

आतल्या खोलीतून प्रकाश लगबगीनं बाहेर आला. माझ्याकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, आणि दाराला टेकून उभा राहिला. दिनूभाऊ गेल्यावर म्हणाला, "मला वाटलं, अण्णाच बोलले."